काठावर पास

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात टक्क्यांना जे स्थान आहे ते देवालाही नाही. देव निदान संकटापुरता आठवतो. टक्के जन्मभर पाठ सोडत नाहीत. लहानपणी शेजारच्या काकू ‘किती टक्के पडले रे?’ म्हणून विचारतात, लग्नाच्या वयात मुलीकडची मंडळी पगारातले किती टक्के कापले जातात ते गोड बोलून काढून घेतात, आणि पुढे महागाई भत्ता किती टक्क्यांनी वाढला याची वाट बघता बघता केस किती टक्के उरले ते मोजायची वेळ येते. मी तर बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला माणूस. ठेवीवरचे टक्के आणि कर्जावरचे टक्के यांच्या मधल्या फटीत माझा सगळा संसार मांडलेला आहे. टक्केवारीने मला नवीन काही शिकवावं असं आता काही उरलेलं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे.

मला नवीन धडा दिला तो एका अंगठ्याने. तोही जागेवर नसलेल्या.

हा अंगठा बाइंडरमामांचा. बाइंडरमामा कोणाचे मामा हे गावात कोणालाच ठाऊक नाही; पण गाव त्यांचं भाचरू आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं नांदत होती. एकेक लेजर असं, की ते कपाटातून काढताना कारकुनाच्या पाठीतून आवाज येई आणि परत ठेवताना कपाटातून. या लेजरांची कणीक तिंबल्यासारखी सेवा बाइंडरमामा करीत. जुजबंदी करावी तर मामांनी. खळ शिजवावी तर मामांनी. पुठ्ठा, कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, आणि वर सोनेरी अक्षरांत शाखेचं नाव. खातेदारांचे पैसे बुडाले असते एक वेळ, पण मामांनी बांधलेल्या लेजराचं पान सुटलं नसतं. शिवाय मला ‘साहेब’ म्हणणारा जगातला तो एकमेव माणूस, त्यामुळे त्यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा होता. घरातसुद्धा हा मान मला कोणी दिलेला नाही.

कागद कापायचं मशीन त्यांच्या दुकानात होतं. डाव्या हाताने गठ्ठा सारखा करायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं. एका मार्च महिन्यात, जेव्हा सगळ्या बँका आणि सगळ्या शाळा एकदमच जाग्या होतात, तेव्हा गठ्ठा सारखा करता करता डावा अंगठा मुळापासून गेला. मामा तीन आठवड्यांनी दुकानात परत आले आणि म्हणाले, “साहेब, लेजर राहिलंय तुमचं.” चार बोटांनी त्यांनी ते पुरं केलं. पानं मोजून बघितली. एकही कमी नव्हतं.

पुढे शाखा संगणकावर गेली. लेजरं तळघरात गेली आणि मामांचं निम्मं पोट त्यांच्याबरोबर गेलं. उरलेल्या निम्म्यावर शाळेची लायब्ररी आणि भजनी मंडळाच्या पोथ्या होत्या. त्याही कमी होत गेल्या. चार बोटांनी जुजबंदी होते, पण वेळ दुप्पट लागतो, आणि गिऱ्हाइकाला पुस्तक कालच हवं असतं. २०१९ साल उजाडलं तेव्हा मामा सत्तावन्न वर्षांचे, मामींना मधुमेह, मूलबाळ नाही, आणि दुकानात धूळ सोडून दुसरा माल नाही, अशी परिस्थिती झाली होती.

तेव्हा कोणीतरी त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं नाव सांगितलं. ही योजना १९८० सालची, म्हणजे आमच्या पिढीबरोबरच वाढलेली. कुटुंबाचं उत्पन्न दिव्यांगांच्या बाबतीत वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत पाहिजे. ती अट मामांनी बाइंडिंगच्या धंद्याच्या जोरावर आधीच पूर्ण केलेली होती. त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. दुसरी अट अशी, की दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं सरकारी प्रमाणपत्र हवं.

तपासणीचं शिबिर लागलं. संगणकावर अर्ज भरून देणाऱ्या पोराने विचारलं, “मामा, प्रकार कोणता?” २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ होते. मामांनी डावा हात वर केला. पोराने ‘अस्थिव्यंग’वर टिचकी मारली. हाडांच्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा बघितला, काहीतरी लिहिलं, आणि महिन्याभराने प्रमाणपत्र हातात पडलं. कायम दिव्यांगत्व, ३० टक्के.

तहसील कचेरीतल्या कारकुनाने ते प्रमाणपत्र दुरूनच वाचलं. “चाळीस पाहिजेत. दहा कमी आहेत,” असं म्हणून त्याने पुढचा कागद ओढला. भाजीवाली सुटे दहा मागते त्याच सुरात.

मामा संध्याकाळी माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले. आमच्या हिने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून गार केला, आणि मग म्हणाले, “साहेब, दहा टक्के कमी पडले म्हणतात. आता आणखी एखादं बोट कापून देऊ का?”

ते विनोद म्हणून बोलले. पण आमची ही उठून आत गेली आणि बराच वेळ तिने भांडी वाजवली. भांड्यांचा आवाज हे आमच्या घरातलं निषेधाचं अधिकृत साधन आहे.

त्या रात्री मी राजपत्र वाचायला घेतलं. दिव्यांगत्वाचं मोजमाप कसं करावं याच्या तेव्हा लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये राजपत्रात छापल्या होत्या. इंग्रजीत आहेत, आणि वाचताना झोप येईल असं वाटतं. पण मला आली नाही. कारण त्यात माणसाच्या शरीराचा चक्क दरतक्ता आहे. अंगठा मुळापासून गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १५. मधलं बोट ५, अनामिका ३ आणि करंगळी २. चारही बोटांची बेरीज केली तरी पंचवीसच होते. एकटा अंगठा चौघांना भारी. एकलव्याकडून द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला याचा उलगडा मला महाभारतात झाला नव्हता, तो राजपत्रात झाला. करंगळी मागितली असती तर बिचाऱ्याचं फक्त दोन टक्क्यांचं नुकसान होतं.

आणखी एक गंमत. गेलेला हात नेहमीच्या वापराचा, म्हणजे आपल्यासारख्यांचा उजवा असेल, तर ४ टक्के जास्त. मामांचा डावा. तेव्हा सगळे त्यांना म्हणाले होते, “नशीब, डावा गेला!” त्या नशिबाचे आता चार टक्के कापले जात होते.

थोडक्यात हाडांच्या डॉक्टरांनी काही चूक केलेली नव्हती. तक्त्यात ३० म्हणजे ३०. अपील करायचं तर कशाच्या आधारावर?

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या दुकानात गेलो. ते नेहमीप्रमाणे भिंतीला डावा खांदा लावून बसले होते. मी डावीकडच्या बोळातून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. पुढे जाऊन उजवीकडून हळूच “मामा” म्हटलं, तर दचकून उठले. इतकी वर्षं मी हे बघत होतो. मामींची हाक नेहमी उजवीकडून येते, गिऱ्हाइकाची खुर्ची नेहमी उजवीकडे असते, हे गावालाही ठाऊक होतं.

“मामा, डाव्या कानाने ऐकू येत नाही ना तुम्हाला?”

“लहानपणी फुटायचा तो. मग बंदच पडला. का हो?”

“डॉक्टरांना सांगितलंत का?”

“ते हात बघायला आले होते,” मामा म्हणाले. “हाताच्या डॉक्टरला कानाचं काय सांगायचं? आणि दुसरा आहे की धड.”

हे उत्तर ऐकून मला गहिवरून आलं. ज्या देशात सर्दी झाली तरी माणूस ऑफिसात तीन दिवसांचं वर्णन करून सांगतो, त्या देशात हा मनुष्य पन्नास वर्षं एक कान बंद ठेवून बसला होता, आणि ते सांगण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं, आणि नियमाप्रमाणे त्याला ९० दिवसांची मुदत आहे. ९० दिवस हा आकडा बँकवाल्याच्या काळजाला हात घालणारा आहे. कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की ते खातं आमच्याकडे वाईट चालीचं ठरतं, मग त्याच्याशी कोणी हसून बोलत नाही. मामांचे ५१ दिवस संपले होते. मी शाखेत ही गोष्ट बोललो आणि बघता बघता सल्लागार मंडळ स्थापन झालं.

हेडक्लार्क म्हणाले, “अर्ज निदान आठ पानी पाहिजे. वजन पडलं पाहिजे कागदाचं.” शिपायाचं म्हणणं, अर्जापेक्षा ओळख मोठी, त्याचा मेहुणा एका आमदारांच्या ड्रायव्हरच्या शेजारी राहतो. शेजारचे अण्णा म्हणाले, “सुनावणीला जाताना जरा लंगडत न्या.” मी म्हटलं, “अण्णा, हात आणि कान आहे, पाय नव्हे.” त्यावर अण्णा म्हणाले, “म्हणून काय झालं? छाप पडते!”

मी एक पानी अर्ज केला. तीनच मुद्दे. एक, अर्जदाराला हाताव्यतिरिक्त डाव्या कानाचंही दिव्यांगत्व आहे. दोन, त्याची तपासणी झालेली नाही. तीन, ती करून दोन्हींचा एकत्रित विचार व्हावा. ‘सविनय सादर’ने सुरुवात आणि ‘कृपाभिलाषी’ने शेवट, एवढी वाङ्मयीन सजावट मात्र ठेवली. प्रमाणपत्राची प्रत जोडली, आणि मुख्य म्हणजे आवक खिडकीवर उभा राहून पोच घेतली. तारखेचा शिक्का नीट उमटला नव्हता, तो दुसऱ्यांदा मारून घेतला. खिडकीतला माणूस वैतागला. त्याला काय माहीत, की बावीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून अशाच माणसांवर वैतागत आलो आहे.

पोच घेऊन आल्यावर खरी काळजी सुरू झाली, कारण त्या राजपत्रात बेरजेचा नियम होता. तुम्हाआम्हाला वाटेल, हाताचे ३० आणि कानाचे काय असतील ते, दोन्ही मिळवले की झालं. तसं नाही. मोठा आकडा घ्यायचा. तो ९० मधून वजा करायचा. जे येईल त्याने लहान आकड्याला गुणायचं, पुन्हा ९० ने भागायचं, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत, ५० होतात. यामागे तत्त्व आहे: अंगठा गेल्यावर जो माणूस उरला, त्या उरलेल्या माणसातून कान गेला असं धरायचं. तत्त्व म्हणून पटण्यासारखं आहे. आम्हीसुद्धा घटत्या शिलकीवर व्याज लावतो. पण माणसाची घटती शिलक काढलेली मी प्रथमच पाहत होतो.

कानाचा हिशेब तर त्याहून निराळा. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणायचं, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. सहा आण्यांत पाच आणे चांगल्या कानाचे. मामांचा उजवा कान टिचकीचा आवाज ओळखणारा; त्याचे टक्के शून्य. म्हणजे डाव्याचे जे काही येतील त्यांचा सहावा हिस्सा.

मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर आकडे मांडले. ३० चे ४० व्हायचे तर कानाचे किमान १५ हवेत: १५ गुणिले ६०, भागिले ९०, बरोबर १०. आणि कानाचे १५ यायचे तर डावा कान निदान ९० टक्के गेलेला पाहिजे. ८४ टक्के गेला असेल तर कानाचे होतात १४, आणि एकूण होतात ३९ पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे नापास. आयुष्यात मी अनेकांच्या बऱ्या प्रकृतीसाठी देवाला हात जोडले आहेत. एखाद्याचा कान पुरेसा बिघडलेला असू दे अशी प्रार्थना करण्याची ती पहिलीच वेळ.

हा सगळा हिशेब आमच्या कॅशियरने ऐकला आणि त्याचे डोळे चमकले. कॅशियरची बुद्धी नोटांसारखी चटकन सुटी होते. “अहो, मग सोपं आहे. उजव्याला पाचपट किंमत आहे ना? मामांना सांगा, तपासणीत उजव्यालाही थोडं कमी ऐकू येतं असं दाखवा. सहा टक्के उजव्याचे आले की संपलं. तीस इकडून, नव्वद तिकडून, भागिले सहा, वीस!” हिशेब अचूक होता. मी काहीच बोललो नाही. पण कॅशियर गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्याने सुनावणीच्या आदल्या दिवशी मामांना गाठून स्वतःच सांगितलं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “जे ऐकू येतं ते येत नाही कसं म्हणू? निकाल त्याच कानाने ऐकायचाय मला.”

सुनावणी मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात होती. पहाटेच्या एसटीने निघालो. एसटीत ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, असं मी मामांना सांगितलं. “म्हणजे येताना स्वस्तात येऊ?” मामा म्हणाले. मी म्हटलं, तसं होणार नाही, कार्ड यावं लागतं. ते हसले आणि त्यांनी दोघांची पूर्ण तिकिटं काढली. मला काढू दिली नाहीत.

दारासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. तेवढ्यात टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, सगळ्या कागदांच्या आणखी तीन झेरॉक्स हव्यात. सरकारी कामात ‘आणखी तीन’ हा आकडा स्थिर असतो. तुम्ही तीन नेल्या तर सहा लागतात, सहा नेल्या तर नऊ. मी मामांना तिथेच बसवून झेरॉक्स शोधायला गेलो. परत येतो तो काय, दारात शिपाई उभा, हातात यादी, आणि तो मामांचं नाव पुकारतोय. मामा पाच फुटांवर बसलेले. दाराकडे डावी बाजू. चेहऱ्यावर मांगल्य. समोरच्या भिंतीवरची कुटुंबकल्याणाची पाटी ते तल्लीन होऊन वाचत होते.

“तीन पुकारे झाले,” शिपाई आत वळून म्हणाला. “गैरहजर.”

“अहो थांबा!” मी जिन्यावरूनच ओरडलो. तो आवाज माझा होता यावर माझा अजून विश्वास बसत नाही. बँकेत मी इतक्या वरच्या पट्टीत फक्त सर्व्हर बंद पडल्याचं सांगतो. “हजर आहेत! हे काय बसलेत!”

या आरड्याओरड्याने आतले मुख्य डॉक्टर बाहेर आले. साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी शिपायाला विचारलं, “पुकारा किती वेळा केलास?”

“तीनदा, साहेब. चांगला मोठ्याने.”

“आणि हे कुठे होते?”

“इथेच बसले होते. पण ओ द्यायला नको?”

डॉक्टरांनी मामांच्या डाव्या बाजूला उभं राहून नेहमीच्या आवाजात त्यांचं नाव घेतलं. मामा पाटी वाचत राहिले. मग उजवीकडे येऊन त्याहून हळू घेतलं. मामा ताडकन उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. चार बोटांचा नमस्कार बघितल्यावर डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी फाईल चाळली. “यांच्या कानाची तपासणी कुठे आहे?”

“नाही झालेली, साहेब,” मी म्हटलं. “तेवढ्यासाठीच अपील आहे.”

माझ्या एक पानी अर्जाने जे सिद्ध केलं नसतं ते शिपायाच्या तीन पुकाऱ्यांनी केलं. अपीलकर्त्याच्या बाजूचा एवढा निःपक्षपाती साक्षीदार कोर्टातही मिळत नसेल. मी त्याला नंतर चहा पाजला. तो का पाजला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कानाची तपासणी एका बंद काचेच्या खोलीत होते. कानाला यंत्र लावतात, त्यात बारीक शिट्ट्या वाजतात, वाजली की बटण दाबायचं. मी काचेबाहेर. उजव्या कानाला मामा पटापट बटण दाबत होते. परीक्षेत हुशार मुलगा हात वर करतो तसे. कॅशियरचा सल्ला त्यांनी उजव्या कानाने ऐकून डाव्याने सोडून दिला होता. मग डाव्याची पाळी आली. मामा बटणावर बोट ठेवून ताठ बसले. एक मिनिट गेलं. दोन गेली. शेवटी त्यांनी काचेआडून त्या बाईंना नम्रपणे विचारलं, “सुरू कधी करणार?”

ते सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

कागद बाहेर आला. उजवा शून्य. डावा ९०. मी खिशातली स्लिप काढली. नव्वद भागिले सहा, पंधरा. नव्वदमधून तीस गेले, साठ. साठ गुणिले पंधरा, नऊशे. भागिले नव्वद, दहा. तीस अधिक दहा. तीन वेळा ताळा केला. एवढ्या काळजीने मी ३१ मार्चचा ताळेबंदही जुळवलेला नाही. दिव्यांगत्व एकूण: ४० टक्के.

तहसील कचेरीतल्या त्याच कारकुनाने नवं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि या वेळी जवळून वाचलं. “चाळीसच आहेत,” तो म्हणाला.

“चाळीसच लागतात.”

“चाळीसच्या वर लागतात ना?”

मी कायद्याची प्रत पिशवीतून काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यात ‘४० टक्क्यांहून कमी नाही’ असा शब्द आहे. चाळीस ही संख्या चाळीसहून कमी नाही, हे मी त्याला बी.कॉम.च्या अधिकाराने समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “साहेब, इथे अडतीसवाले, एकोणचाळीसवाले रोज येतात. त्यांना काय सांगायचं हे मला कोणी सांगत नाही.” यावर माझ्याजवळही उत्तर नव्हतं. मामांना एक कान कमी बंद असता, तर ते याच खिडकीवरून परत गेले असते. आणि त्यांचं दुकान तेवढंच रिकामं राहिलं असतं. टक्के कमी भरल्याने दुकानात गिऱ्हाईक येत नाही.

तालुक्याच्या समितीने मंजुरी दिली, आणि २०१९ च्या डिसेंबरात पहिली रक्कम मामांच्या खात्यावर जमा झाली. आमच्या धावपळीत एक गोष्ट घडून गेली होती. त्याच वर्षी सरकारने महिन्याचे ६०० रुपये वाढवून १,००० केले होते. सरकारी दिरंगाईने कोणाचा फायदा झाल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. पुढे २०२३ मध्ये १,५०० झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५००. मामींच्या औषधाचा खर्च त्यात कसाबसा बसतो. बसतो एवढं मात्र खरं.

पैसे काढायला मामा माझ्याच खिडकीवर येतात. मध्यंतरी शाखेत एक नवा मुलगा आला. त्याने मामांचं वय आणि कपडे बघून शाईचं पॅड पुढे सरकवलं. “बाबा, डाव्या हाताचा अंगठा द्या.”

मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, “तो सरकारजमा आहे. सही चालेल का?” आणि त्यांनी मोडीच्या वळणाची झोकदार सही ठोकली. त्या मुलाची स्वतःची सही त्यापुढे करंगळीइतकी, म्हणजे दोन टक्के, दिसत होती.

त्या वेळच्या सगळ्या कागदांची मूळ फाईल माझ्याकडे होती: अर्ज, पोच, दोन्ही प्रमाणपत्रं, राजपत्राची पानं, आकडेमोडीची स्लिप आणि जास्तीच्या तीन झेरॉक्स. मामा एक दिवस ती मागून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आणली. जुजबंदी केलेली, कापडी पाठ, चारही कोपऱ्यांना चामडं, आणि वर सोनेरी अक्षरांत फक्त एक शब्द: ‘अपील’.

मी पैसे विचारले. मामांनी हात हलवला.

गावात आता जो कोणी ‘नामंजूर’चा कागद घेऊन माझ्याकडे येतो, त्याला मी आधी ते पुस्तक चाळायला देतो. आतापर्यंत अकरा जणांनी नेलं, अकराही जणांनी परत आणलं. त्यातल्या सहांचं काम झालं, पाच अजून खेटे घालतायत. आणि एकही पान अजून सुटलेलं नाही.